पाच घरं, तीन अक्षरं आणि आपली बाराखडी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी आठवीत आहे, मराठी माध्यमात शिकते, वर्डल (सहा प्रयत्नांत पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा खेळ) आणि स्क्रॅबल (अक्षरांच्या टाइल बोर्डावर लावून शब्द बनवायचा खेळ) यांची गोडी लागली आहे. ‘पाच अक्षरी शब्द, त्यात सी, आर आणि ए हवेत’ असं समोर आलं की अडून बसते. नेटवर शोधलं तर भली मोठी यादी मिळते, पण त्यातून तिच्या पदरात काही पडत नाही. असे शब्द स्वतःच्या डोक्याने शोधायची काही पद्धत आहे का, की ते इंग्रजी माध्यमातल्या मुलांनाच जमतं?

पद्धत आहे, आणि ती तिला निम्मी येते. मी 22 वर्षं मराठी शाळेत इंग्रजी शिकवते आहे. त्यातली 14 वर्षं दर शनिवारी शाळा सुटल्यावर मुलांना स्क्रॅबलच्या बोर्डाभोवती बसवते. या खेळात अडणारी मुलं शब्दसंग्रह कमी म्हणून अडतात, असं मला सुरुवातीला वाटायचं. तसं नाही. शब्द त्यांना माहीत असतात, पण ते त्यांना चुकीच्या दाराने हाका मारतात.

लिहिण्यापुरती एक सोय करून घेते. इंग्रजी अक्षरं दाखवायची असतील तिथे सुटी लिहिते: क्रेन म्हणजे सी-आर-ए-एन-ई. रिकामं घर असेल तिथे आडवी रेघ.

आता ते चुकीचं दार. मराठी शब्दकोडं सोडवताना ‘क्रेन’ला दोन घरं लागतात, ‘क्रे’ आणि ‘न’. इंग्रजी कोड्यात त्याच शब्दाला पाच घरं लागतात. आपल्याकडे अक्षर म्हणजे उच्चाराचा एक तुकडा, तिथे अक्षर म्हणजे लिहिण्याचा एक तुकडा. मराठीत वाढलेलं मूल शब्द कानाने आठवतं, आणि मराठीपुरती ती सवय फार चांगली आहे, कारण आपण बहुतेक बोलतो तसंच लिहितो. इंग्रजीत हा कान फसवतो. ‘ए असलेला शब्द सांग’ म्हटलं की मूल मनात ‘ए’ किंवा ‘अॅ’ ऐकू येणारे शब्द शोधतं. क्रेन सापडतो, क्रॅक सापडतो. पण ‘क्रॉल’मध्ये ए आहे हे कान सांगत नाही, तिथे ऑ ऐकू येतो. ‘क्रीम’मध्ये ए आहे, ऐकू येते ती ई. ‘क्लिअर’मध्ये आहे, ‘मार्च’मध्ये आहे, ‘सीडर’मध्ये आहे. एकच अक्षर इतक्या वेगवेगळ्या आवाजांमागे लपून बसतं. म्हणून पहिला नियम: शोधताना तोंड बंद, पेन्सिल हातात. पाच घरं कागदावर आखायची आणि डोळ्याने शोधायचं.

तुमच्याच उदाहरणावर करून दाखवते.

सी, आर, ए आणि पाच घरं. तीन अक्षरं कुठेही चालतील. ‘आठव’ म्हणून शब्द आठवत नाहीत, कारण मेंदूला धरायला काही मिळत नाही. त्याऐवजी विचारायचं, सी इथे कोणाबरोबर राहील? इंग्रजीत व्यंजनं वाटेल तशी शेजारी बसत नाहीत, त्यांच्या जोड्या ठरलेल्या आहेत. आपल्या जोडाक्षरांसारख्याच. सी आणि आर मिळून ‘क्र’ होतो. तो सुरुवातीला ठेवला आणि पुढे ए लावला की क्रॅक, क्राफ्ट, क्रॅम्प, क्रेन, क्रँक, क्रॅश, क्रेट, क्रेव्ह, क्रॉल, क्रेझ, क्रेझी असे 11 शब्द एका दमात येतात. मध्ये ई घातली की क्रीम आणि क्रीक, म्हणजे करकरणं. 13 झाले.

आता ती जोडी फोडायची. सी आणि आरच्या मध्ये ए बसवला की कार्गो, कॅरी, कार्व्ह, कॅरल. सीला एच जोडला की ‘च’ होतो: चेअर, चार्म, चार्ट. सीच्या आधी एस लावला की ‘स्क’: स्केअर, स्कार्फ, स्केअरी. मग आर-ए-सी असा तुकडा मधोमध ठेवून पुढेमागे भरायचं: ब्रेस, ग्रेस, ट्रेस, ट्रॅक, ट्रॅक्ट. शेवटी सी-एच ठेवला की मार्च, रँच, रीच, आणि त्याला लागूनच रिअॅक्ट. आर शेवटी नेला की सीडर, सिगार, क्लिअर, अॅक्टर, रेसर. कुठल्याच कप्प्यात न बसणारे एकॉर्न, मॅक्रो, कोब्रा. मोजा, 40 भरतात, आणि यातला एखाददुसरा सोडला तर आठवीच्या मुलीने बहुतेक कधी ना कधी वाचलेले आहेत. अर्ध्या मिनिटापूर्वी हीच मुलगी ‘मला एकही आठवत नाही’ म्हणत होती.

पुढची गंमत वर्डलची. तिथे प्रत्येक प्रयत्नाला थोडी माहिती मिळते (अक्षर बरोबर घरात असेल तर हिरवं होतं, शब्दात असून दुसऱ्या घरात असेल तर पिवळं, नसेल तर राखाडी) आणि ती माहिती यादीवर अक्षरशः कात्रीसारखी चालते. समजा कळलं की सी पहिल्या घरात नाही. 40 मधले 16 उरले. मग कळलं की ए बरोबर मधल्या घरात आहे. 10 उरले: स्केअर, स्कार्फ, स्केअरी, ब्रेस, ग्रेस, ट्रेस, ट्रॅक, ट्रॅक्ट, रीच, रिअॅक्ट. शेवटचं घर ई आहे असं कळलं की चारच: स्केअर, ब्रेस, ग्रेस, ट्रेस. हे तिला एकदा कागदावर करायला लावा. कोणती माहिती किती शब्द उडवते हे तिने स्वतःच्या हाताने खोडून पाहिलं पाहिजे. अक्षर ‘आहे’ हे कळण्यापेक्षा ते ‘कुठे आहे’ किंवा ‘कुठे नाही’ हे कळणं किती मोलाचं, ते सांगून समजत नाही.

आता बाराखडी. माझी सगळी शिकवणी यावर उभी आहे. आपण पहिलीत क, का, कि, की म्हणत गेलो. व्यंजन जागेवर ठेवायचं आणि स्वर फिरवायचा, ही हातोटी आपल्या हाडीमाशी मुरलेली असते. इंग्रजीत स्वर पाचच, म्हणून मी मुलांना सांगते, ही पाचखडी. सांगाडा ठेवायचा आणि मधल्या घरात ए, ई, आय, ओ, यू क्रमाने घालून पाहायचं. एल-_-एस-टी घ्या: लास्ट, लेस्ट, लिस्ट, लॉस्ट, लस्ट. पाचच्या पाच लागले. पी-_-सी-के घ्या: पॅक, पेक, पिक, पॉक, पक. पुन्हा पाच. यातला पॉक म्हणजे देवी किंवा कांजिण्यांचा फोड, आणि पक म्हणजे बर्फावरच्या हॉकीतली ती चपटी चकती. हे दोन मुलांना ठाऊक नसतात, पण पाचखडी लावल्यावर ‘हा शब्द असेल का?’ असा प्रश्न पडतो, मूल शब्दकोश उघडतं आणि शब्द कायमचा मिळतो. यादीतून वाचलेला शब्द असा चिकटत नाही.

एक फेरी झाली की दोन घरांची फेरी करायची, कारण इंग्रजीत स्वरही जोडीने फिरतात: ए-आय, ई-ए, ई-ई, ओ-ए, ओ-ओ, ओ-यू. बी-_-_-टी या सांगाड्यात या सहा जोड्या घाला. बेट म्हणजे आमिष, बीट म्हणजे मारणं, बीट म्हणजे कंद, बोट म्हणजे नाव, बूट, आणि बाउट म्हणजे कुस्तीची एक लढत. सहाही लागतात. दोन ‘बीट’ कानाला एकच आहेत, कागदावर दोन. इथे मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते पाहण्यासाठी मी शनिवारी थांबते. वायला विसरू नका. तो शेवटच्या घरात बहुतेक वेळा स्वराचंच काम करतो आणि रिदम किंवा जिप्सीसारख्या शब्दांत मधल्या घरातही.

जोडाक्षरांची यादी मात्र पाठच करायला लावा. पाठांतराची आपल्याला अलीकडे लाज वाटायला लागली आहे, पण इथे पर्याय नाही आणि यादी लहान आहे. शब्दाच्या सुरुवातीला आर दुसरा येतो तो बी, सी, डी, एफ, जी, पी, टी आणि डब्ल्यूनंतर. एल दुसरा येतो तो बी, सी, एफ, जी, पी, एसनंतर. एसच्या मागून सी, के, एम, एन, पी, टी, डब्ल्यू येतात. एच येतो सी, एस, टी, डब्ल्यू, पीनंतर. एवढ्यातच 26 जोड्या झाल्या. वर के-एन, टी-डब्ल्यू आणि क्यू-यू धरले की रोजच्या वापरातले जवळजवळ सगळे शब्द त्यात येतात. के-एन खास लक्षात ठेवायला सांगा, कारण ‘नाइफ’ आणि ‘नॉक’ ऐकून कोणाच्याही कानाला के सापडणार नाही.

शेवटच्या जोड्या वेगळ्या आहेत. सी-के शेवटी शेकड्याने येतो, सुरुवातीला कधीच नाही. एन-जी, एन-के, एन-टी, एन-डी, एम-पी, एल-टी, एल-डी, टी-सी-एच, जी-एच-टी ही सगळी शेपटाची मंडळी. आणि शब्द जे किंवा व्हीवर संपतो असं अगदी क्वचित घडतं. म्हणूनच लिव्ह, गिव्ह, हॅव्ह यांच्या मागे न उच्चारली जाणारी ई लटकलेली असते. मुलीला व्ही मिळाला आणि तो शेवटी नाही असं दिसलं, तर ‘उपान्त्य घरात व्ही आणि शेवटी ई’ ही पहिली शक्यता तपासायची सवय लावा.

अवघड अक्षर हातात असेल तर घाबरू नये, उलट तिथूनच सुरुवात करावी. ए आणि ई असलेले शब्द हजारो, क्यू असलेले मोजके. क्यूच्या मागे यू आला की पाचपैकी दोन घरं भरली, आणि यूच्या मागे पुन्हा स्वरच येणार. म्हणजे पाचखडी लावायची: क्वॅक, क्वेक, क्वार्ट, क्वीन, क्वेरी, क्वेस्ट, क्विक, क्वाएट, क्विल्ट, कोटा, कोट. तो मध्ये असेल तर इक्वल, इक्विप, स्क्वॉड, स्क्विड. पाच अक्षरांतले नेहमीचे निम्मेअधिक इथेच आटोपले.

स्क्रॅबलमध्ये यूविना क्यू येऊन पडतो तेव्हा काय, हे ती विचारेलच. इथे आपल्या मुलांना घरचा फायदा आहे. इंग्रजीत यू नसलेला क्यू येतो तो बराचसा अरबीतून. अरबीत साधा क वेगळा आणि घशातून काढायचा क वेगळा, आणि दुसऱ्यासाठी रोमन लिपीत क्यू लिहितात. मराठीने दोन्ही एकाच क मध्ये घेतले, म्हणून आपल्याला तो फरक दिसत नाही. पण शब्द आपल्या ओळखीचे आहेत: फकीर, म्हणजे एफ-ए-क्यू-आय-आर. तलाक. वक्फ. कव्वाल आणि कव्वाली. हे सगळे कॉलिन्सच्या स्क्रॅबल शब्दसूचीत क्यू घालून मान्य आहेत. ‘कनात’ म्हणजे क्यू-ए-एन-ए-टी हाही आहे, पण ती तंबूची कनात नव्हे. तो इराणातला जमिनीखालचा पाण्याचा कालवा. छत्रपती संभाजीनगरला मलिक अंबरने 17व्या शतकात बांधलेली नहर-ए-अंबरी त्याच जातीची. मी मुलांना तो शब्द नहरीची गोष्ट सांगूनच देते. आणि ज्याने सगळ्यात जास्त वेळा हात सोडवला तो दोन अक्षरी क्यू-आय, ‘ची’, म्हणजे चिनी कल्पनेतली प्राणशक्ती. क्यूला 10 गुण आहेत. तो हातात अडकून राहिला तर शेवटी तेवढे जातात.

स्क्रॅबलचाच विषय निघाला म्हणून अक्षरांच्या संख्येबद्दल सांगते, कारण तिथे शोधण्याची एक किल्ली आहे. हा खेळ अमेरिकन वास्तुविशारद अल्फ्रेड बट्स याने 1930च्या दशकातल्या मंदीत काम नसताना तयार केला. कोणतं अक्षर किती लागतं हे ठरवायला त्याने वर्तमानपत्रांच्या पानांवरची अक्षरं मोजली. आजही बॉक्समध्ये 100 टाइल असतात: ई 12, ए आणि आय 9-9, ओ 8, एन, आर, टी 6-6, आणि क्यू, झेड, जे, एक्स, के प्रत्येकी एकच. दोन कोऱ्या. एस मात्र चारच, कारण तो वाटेल त्या नामाला लावून अनेकवचन करता येतं आणि खेळ फारच सोपा झाला असता.

पण वर्तमानपत्रातली मोजणी आणि शब्दकोशातली मोजणी एक नाही, आणि इथे पुष्कळ जण फसतात. चालू मजकुरात टी आणि एच भरमसाट दिसतात, कारण ‘द’, ‘दॅट’, ‘धिस’, ‘ही’, ‘हॅव’ हे शब्द ओळीओळीला येतात. शब्दांची यादी केली तर त्यात ‘द’ एकदाच येतो. मग एच खाली घसरतो आणि एस, आर, एल वर चढतात. आपण शोधतो यादीत, मजकुरात नाही. म्हणून वर्डलचा पहिला शब्द निवडताना ई, ए, आर, एस, टी, एल, एन यांतली अक्षरं घ्यावीत. क्रेन, ट्रेस, स्लेट हे शब्द लोक वापरतात ते यासाठीच. एकाच शब्दाचा हट्ट धरू नका. पाच वेगवेगळी, वारंवार येणारी अक्षरं आणि त्यात दोन स्वर एवढं पुरे.

वर्डलबद्दल आणखी एक गोष्ट तिला धीर देईल. जॉश वॉर्डल या प्रोग्रॅमरने तो आपली जोडीदार पलक शाह हिच्यासाठी बनवला, ऑक्टोबर 2021 मध्ये सगळ्यांसाठी खुला केला आणि जानेवारी 2022 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द सुमारे 12,000 आहेत. पलक शाह यांनी ते चाळून, सामान्य माणसाला ओळखीचे वाटतील असे सुमारे 2,500 उत्तरांसाठी निवडले होते. म्हणजे उत्तर बहुधा ओळखीचंच असतं. नुसता एस लावून केलेलं अनेकवचन उत्तरात सहसा येत नाही. मघाचे आपले 40 शब्द तिथे पुरून उरतील. त्यापलीकडच्या विचित्र शब्दांमागे वर्डलसाठी धावायला नको.

एक अडचण मात्र आपल्याकडची खास आहे. आपण शाळेत ब्रिटिश स्पेलिंग शिकतो. कलर, ह्यूमर, फेव्हर, ऑनर हे तिच्या डोक्यात यूसकट सहा अक्षरांचे आहेत. वर्डल अमेरिकन, तिथे यू गळतो आणि चारही शब्द पाच घरांत बसतात. ओ-आर शेवटी दिसला की यू गाळून पाहायला सांगा. परीक्षेत मात्र यू ठेवायचा.

आता शेपटीचा सापळा, कारण चांगली मुलंसुद्धा इथेच हरतात. तिसऱ्या प्रयत्नात _-आय-जी-एच-टी हिरवं झालं. मूल आनंदाने उडी मारतं. पण लाइट, फाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट, एट असे आठ नेहमीचे शब्द तिथे बसतात आणि हातात प्रयत्न उरलेत तीन. एकेक करून पाहत बसलं तर हार जवळजवळ नक्की. अशा वेळी एक प्रयत्न मुद्दाम ‘वाया’ घालवायचा. फिल्म्स हा शब्द टाका, एफ-आय-एल-एम-एस. तो उत्तर नाही हे माहीत आहे, पण एका फटक्यात एफ, एल, एम, एस या चारांचा निकाल लागतो. त्यातलं एखादं रंगलं तर पुढच्या प्रयत्नात उत्तर हातात. एकही रंगलं नाही तर नाइट, राइट, टाइट, एट एवढेच उरले. चार शब्द आणि दोन प्रयत्न, म्हणजे अजूनही खात्री नाही, पण आठ आणि तीनपेक्षा पुष्कळ बरं. ए-टी-सी-एच आणि ओ-यू-एन-डी या शेपटांनाही हाच उपाय. खेळ ‘हार्ड मोड’वर असेल तर मिळालेली हिरवी अक्षरं प्रत्येक वेळी वापरावीच लागतात आणि ही युक्ती चालत नाही. म्हणून सुरुवातीला तो मोड बंद ठेवा.

राखाडी रंगाचा एक बारकावा सांगून ठेवा. उत्तर ट्रेस असताना तिने ट्रॅक्ट लिहिलं, तर पहिला टी हिरवा होईल आणि शेवटचा राखाडी. त्या राखाडीचा अर्थ ‘टी नाही’ असा नाही, ‘दुसरा टी नाही’ असा आहे.

स्क्रॅबलमध्ये हातातल्या सात टाइलमधून शब्द काढायचा असेल तर पद्धत थोडी बदलते. तिथे घरं ठरलेली नसतात, अक्षरं ठरलेली असतात. मागच्या पावसाळ्यात सातवीतली एक मुलगी रॅककडे, म्हणजे टाइल मांडायच्या पट्टीकडे, बघत गप्प बसली होती. वाय, जी, एन, ए, पी, आय, एल. तिने तीनदा क्रम बदलून पाहिला आणि ‘गेन’ लावायला हात पुढे केला. मी तिला एवढंच म्हटलं, शेपूट आधी बाजूला काढ. तिने आय-एन-जी उचलून रॅकच्या उजव्या टोकाला लावले. डावीकडे चार उरल्या: वाय, ए, पी, एल. दोन सेकंदं गेली असतील. ‘बाई, प्लेइंग!’ सातही टाइल लागल्या म्हणजे वर 50 गुण. त्या दिवसापासून ती रॅकवर आधी शेपटं शोधते: आय-एन-जी, ई-डी, ई-आर, ई-एस-टी, आय-ई-आर. नंतर डोकी: आर-ई, यू-एन, ओ-यू-टी. मधलं धड आपोआप दिसायला लागतं.

अक्षरं वर्णक्रमाने लावून ठेवण्याची सवयही लावा. स्पर्धेतले खेळाडू ती हटकून लावतात, कारण तीच सात अक्षरं पुन्हा आली की डोळ्याला तोच चेहरा दिसतो. ए-ई-आय-एन-आर-एस-टी हा चेहरा एकदा ओळखीचा झाला की रिटेन्स, रेटिनास, नॅस्टिअर, स्टेनर, आणि चरबीतला तो स्टिअरिन असे कितीतरी शब्द त्यातून निघतात. बोर्डावर ज्याला जागा असेल तो लावायचा. सातव्या टाइलसाठी थांबावं लागलं तर आर-ई-टी-आय-एन-ए ही सहा हातात राखणं फायद्याचं, कारण त्यांच्याशी पुष्कळ अक्षरांचं जमतं.

दोन अक्षरी शब्द मात्र सरळ पाठ करायचे. कॉलिन्सच्या यादीत ते 127 आहेत, आणि त्यातले 40-50 तर आपण बोलतोच. त्यात व्ही असलेला एकही नाही. हे एक वाक्य लक्षात ठेवलं तरी बोर्डावर व्हीशेजारी जागा शोधण्यात जाणारा वेळ वाचतो.

संगणकाची मदत घ्यावी की नाही? घ्यावी, पण शोधून झाल्यावर. वनलूकसारख्या शब्द शोधून देणाऱ्या संकेतस्थळावर रिकाम्या घरासाठी प्रश्नचिन्ह टाकायचं, कितीही अक्षरं चालणार असतील तर तारा टाकायचा. पाच घरांसाठी अक्षरं आणि प्रश्नचिन्हं मिळून पाच झाली पाहिजेत, हे मुलं विसरतात. घरी एक्सेल असेल तर शब्दांची यादी एका रकान्यात टाका आणि फिल्टरमध्ये ‘बरोबर’ हा पर्याय निवडून तीच प्रश्नचिन्हं वापरा. अक्षर कुठेही चालणार असेल तर ‘समाविष्ट’ हा पर्याय. एका रकान्यावर दोनच अटी बसतात, म्हणून तिसऱ्या अक्षरासाठी निघालेली यादी नव्या पानावर चिकटवून पुन्हा गाळायची. माझा नियम असा: आधी पाच मिनिटं कागदावर, मग संगणकावर, आणि जे शब्द कागदावर सुटले ते लाल पेनाने वहीत. लाल शब्दांत नमुना दिसतो. एका मुलाचे सगळे लाल शब्द ई-ए असलेले निघाले होते. दोन आठवडे त्याच्याकडून तेवढंच करून घेतलं.

आणि तुमच्या प्रश्नाचा तो शेवटचा भाग, हे इंग्रजी माध्यमातल्या मुलांनाच जमतं का. 2003 साली इंग्रजी स्क्रॅबलचा जागतिक विजेता झाला तो थायलंडचा पनुपोल सुज्जयाकोर्न, आणि 2009 साली पुन्हा थायलंडचाच खेळाडू जिंकला. थायलंडमध्ये घरात सहसा कोणी इंग्रजी बोलत नाही. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स 2015 मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचं जागतिक विजेतेपद घेऊन गेला तेव्हा त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. त्याने काही आठवड्यांत फ्रेंच शब्दांची यादी डोक्यात भरली होती. 2024 मध्ये त्याने स्पॅनिशमध्येही तेच केलं. अर्थ न कळता शब्द पाठ करावेत असं मी शाळेतल्या मुलीला सांगणार नाही. तिला शब्द वापरायचेत, नुसते मांडायचे नाहीत. पण शब्द शोधण्याचं कौशल्य जन्मभाषेने मिळत नाही, सवयीने मिळतं, हे या माणसांनी बोर्डावर दाखवून दिलं आहे. तुमच्या मुलीच्या शाळेचं माध्यम यात आड येत नाही. उलट तिला बाराखडी येते.

आज रात्री जेवण झाल्यावर तिला हा सांगाडा द्या: एस-एच-ए-_-ई. रिकाम्या घरात बीपासून झेडपर्यंत एकेक व्यंजन घालून पाहू दे, मध्ये कुठेही मदत करू नका. शेड, शेक, शेम, शेप, शेअर, शेव्ह हे सहा तिला बहुतेक सापडतील. एलपाशी ती थबकेल आणि ‘असा शब्द असतो का?’ म्हणून तुमच्याकडे बघेल. असतो. शेल, पापुद्र्यापापुद्र्यांचा तो खडक, ज्यातून तेल काढतात. पण तुम्ही सांगू नका, शब्दकोश तिच्या हातात द्या.